राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, एकाच मंडपात

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: बारावी कला शाखेत ७४ टक्के मिळाले, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र दोन्ही आवडतात, तर बी.ए.ला दोन्ही एकत्र घ्यावेत का? वडील म्हणतात, दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस. मैत्रीण म्हणते, दोन्ही विषय सारखेच आहेत, मग दोन कशाला? पुढे स्पर्धा परीक्षा द्यायची इच्छा आहे, ते नाही जमलं तर प्राध्यापक व्हायचं आहे. आणि मनात भीती ही, की दोन्ही अर्धवट राहतील.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात २६ वर्षं राज्यशास्त्र शिकवते आहे. माझं स्वतःचं बी.ए. स्पेशल राज्यशास्त्र आणि जनरल समाजशास्त्र असं झालं. एम.ए. आधी राज्यशास्त्रात केलं, आणि नोकरी लागल्यावर काही वर्षांनी समाजशास्त्रातही. म्हणजे तू ज्या वाटेबद्दल विचारते आहेस ती मी चाललेली आहे. तुला 'तू' म्हणते, माझ्या वर्गातल्या मुलींना म्हणते तसंच.

पहिल्यांदा एक गोष्ट बघ. वडिलांचं आणि मैत्रिणीचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकत नाही. डगरी दोन असतील तर विषय एकमेकांपासून दूर असले पाहिजेत. विषय सारखेच असतील तर डगर एकच. माझा अनुभव असा, की हे दोन विषय बघतात एकाच गोष्टीकडे, पण वेगवेगळ्या बाजूंनी उभे राहून. म्हणून तुझा खरा प्रश्न 'दोन की एक' हा नाही. दोन्हींना एकमेकांशी बोलायला लावायची तुझी तयारी आहे का, आणि ते करून घेणारं कॉलेज तुझ्या आवाक्यात आहे का, हा आहे. हे दोन्ही असेल तर जरूर घे. नसेल तर दोन विषयांचे दोन 'अपेक्षित' प्रश्नसंच पाठ होतील आणि वडिलांची भीती खरी ठरेल.

आपल्याकडे हा वाद विद्यापीठांपेक्षा जुना आहे. 'आधी राजकीय की आधी सामाजिक' हे तू शाळेत टिळक-आगरकरांच्या निमित्ताने शिकलीस. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८८७ पासून सामाजिक परिषद भरू लागली. काँग्रेसचं अधिवेशन संपलं की त्याच मंडपात ही परिषद भरायची. १८९५ साली काँग्रेस पुण्यात भरली तेव्हा विरोध इतका वाढला की परिषदेला तो मंडप मिळाला नाही. परिषदेने स्वतःचा मंडप घालायचं ठरवलं तेव्हा तो जाळण्याची धमकी दिली गेली, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालच्या, लाहोरला करू न दिल्या गेलेल्या आपल्या भाषणात सुरुवातीलाच नोंदवून ठेवलं आहे. राज्य कसं चालवायचं हा प्रश्न आणि घरात, जातीत, पंगतीत कोण कुठे बसतं हा प्रश्न एका मंडपात नको, असं म्हणणारे लोक तेव्हा होते. मला विचारशील तर ही जोडपदवी म्हणजे तो मंडप पुन्हा एक करणं आहे. म्हणून मला ती मनापासून हवीशी वाटते.

आंबेडकरांचंच दुसरं उदाहरण. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना त्यांनी इशारा दिला होता, की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकतो आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. या इशाऱ्याचा पहिला भाग राज्यशास्त्राच्या तासाला शिकवला जातो: एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य. दुसरा भाग समाजशास्त्राच्या तासाला. पण त्या दोन भागांमध्ये जो ताण आहे, तोच तर त्यांचा मुद्दा होता, आणि तो कुठल्याच एका तासाला पुरा शिकवला जात नाही. राज्यघटना लिहिणारा हा माणूस तरुणपणी, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचत होता. घटनेतला माणूस आणि जातीतला माणूस त्यांनी कधी वेगळा काढला नाही.

आता जवळचं सांगते. साधारण दहा वर्षांपूर्वी माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी शेजारच्या एका गावच्या ग्रामसभेला पाठवलं. सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं. एकाला सांगितलं, तू फक्त कायदा आणि कागद बघ. दुसरीला सांगितलं, तू कागदाला हात लावू नकोस, फक्त माणसं बघ.

पहिल्याचा अहवाल नीटनेटका होता. नोटीस वेळेत लागली. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते लागतं. प्रोसिडिंग बुकात ११२ सह्या होत्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तीही आदल्या दिवशी झाल्याची नोंद होती. ठराव सात, सगळे एकमताने. त्याच्या अहवालानुसार गावात लोकशाही उत्तम चालली होती.

दुसरीने वहीच्या पानावर बैठकीचा नकाशा काढला होता. खुर्च्यांवर कोण, सतरंजीवर कोण, चावडीच्या पायरीवर कोण, आणि दाराबाहेर लिंबाखाली उभं राहून ऐकणारे कोण. कोणत्या आळीचे लोक कुठे, हेही. दीड तासाच्या सभेत सरपंचबाई दोनदा बोलल्या, दोन्ही वेळा एकेक वाक्य. प्रश्न त्यांना विचारले जात होते, उत्तरं त्यांचे यजमान देत होते. महिलांच्या सभेचं तर असं कळलं, की शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरला आणि सह्या, अंगठे घेऊन आला. तिच्या अहवालानुसार गावात लोकशाही नव्हतीच.

दोघं माझ्यासमोर भांडले. मी म्हटलं, दोघं मिळून पुन्हा जा, आणि या वेळी सरपंचबाईंच्या घरी जा. गेले. बाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. थापता थापता त्यांनी गावाच्या नळयोजनेचा सगळा हिशेब सांगितला: पाइप किती फूट, कोणत्या वस्तीवर पाणी चढत नाही, कुठला व्हॉल्व्ह गळतो. आणि सहज म्हणाल्या, "व्हॉल्व्ह बसेस्तवर बिलावर सही करणार न्हाई म्हनलंय मी." ग्रामपंचायतीचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सहीने निघतात. सभेत दोन वाक्यं बोलणाऱ्या बाईंनी ठेकेदाराचं बिल दोन महिने अडवून धरलं होतं, स्वयंपाकघरात बसून.

पोरं परत आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला २६ वर्षांत फार थोड्या वेळा बघायला मिळालं आहे. पंचायतींमध्ये महिलांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती नसती तर त्या सहीला किंमतच नव्हती. आणि घर, नवरा, आळी, बोलण्याची मुभा हे समजून घेतलं नसतं तर ती सही सभेत न अडता चुलीपुढे का अडते, हे कळलं नसतं. कायदा वाचणारा चुकला नव्हता, माणसं बघणारीही चुकली नव्हती. पण एकट्याने बघितलं असतं तर दोघंही चुकीच्या निष्कर्षावर पोहोचले असते. दोन विषय एकत्र घ्यायचे ते यासाठी.

तुझ्या मैत्रिणीला सारखेपणा वाटतो त्यालाही कारण आहे. काही माणसं दोन्ही वर्गांत भेटतात. मार्क्स दोन्हीकडे आहे. मॅक्स वेबर समाजशास्त्रात नोकरशाही आणि अधिसत्तेचे तीन प्रकार घेऊन येतो, राज्यशास्त्रात राज्याची व्याख्या घेऊन. 'व्होट बँक' हा शब्द आज प्रत्येक वार्ताहराच्या तोंडी असतो. तो १९५५ मध्ये एम. एन. श्रीनिवास या समाजशास्त्रज्ञाने म्हैसूरकडच्या एका खेड्याच्या अभ्यासातून वापरात आणला. 'प्रभावी जात', म्हणजे संख्येने, जमिनीने आणि वजनाने गावात वरचढ असलेली जात, ही त्यांचीच संकल्पना, आणि तिच्याशिवाय महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यातलं राजकारण शिकवणं मला तरी जमत नाही. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी. तो विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्यापासून सुरू झालेला. उलट बाजूने, रजनी कोठारी या राज्यशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जात आणि राजकारणावरचं पुस्तक संपादित केलं आणि सांगितलं, की राजकारणात जातीयवाद आला असं म्हणतो तेव्हा खरं तर जातींचं राजकीयीकरण होत असतं. वाक्याची बाजू बदलली की सगळा प्रश्नच बदलतो. हे कळायला दोन्ही वर्गांत बसलेलं बरं.

पण सारखेपणा इथपर्यंतच. आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन, प्लेटोपासूनचे राजकीय विचारवंत, घटनेची कलमं हे समाजशास्त्रात तुला मिळणार नाही. नातेव्यवस्था, विवाह, धर्म, डरखाइमने १८९७ मध्ये केलेला आत्महत्येचा अभ्यास, आणि मुख्य म्हणजे नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी बनवायची, मुलाखत कशी घ्यायची ही संशोधनाची हातोटी राज्यशास्त्रात फार पातळ शिकवली जाते.

उत्तरं लिहिण्याची रीतही वेगळी आहे, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्राच्या पेपरात अस्पृश्यतेवर प्रश्न होता. मी कलम १७ लिहिलं, कलम १५ लिहिलं, पुढचे कायदे सनावळीसकट लिहिले आणि पानं भरून खूश होऊन बाहेर आले. गुण अगदी कमी पडले. आमच्या बाईंनी बोलावून विचारलं, "कायद्याने बंद झालं हे तू लिहिलंस. मग विहिरीवर अजून दोन रांगा का लागतात, ते कुठे लिहिलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आमच्या गावच्या विहिरीवर दोन रांगा मी लहानपणापासून बघत आले होते. राज्यशास्त्राचा परीक्षक तरतूद, संस्था, अधिकार, विचारवंत शोधतो. समाजशास्त्राचा परीक्षक ती गोष्ट घडते कशी, टिकते कशी, बदलते कशी हे शोधतो. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पेपरात चालत नाही.

मराठी माध्यमातून शिकणार असशील तर पहिल्या दिवसापासून शब्दांची एक वही ठेव. पॉवर हा एकच शब्द एका पुस्तकात 'सत्ता' होतो, दुसऱ्यात 'शक्ती'. स्टेटसला कुणी 'दर्जा' लिहितं, कुणी 'प्रस्थिती'. अधिसत्ता, अधिमान्यता, स्तरीकरण, गतिशीलता हे शब्द दोन्ही विषयांच्या पुस्तकांत काय अर्थाने येतात ते समोरासमोर लिही. पुढे इंग्रजी पुस्तकं वाचायची वेळ येईल तेव्हा ही वही तुला हात देईल. माझी वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता जे तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत आता मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे दुय्यम विषय असतो. तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यातला मेजर ठरवावा लागतो. प्रत्येक विद्यापीठाची तऱ्हा थोडी निराळी आहे आणि स्वायत्त कॉलेजांची आणखी निराळी. म्हणजे तुला दोन्ही समसमान मिळतील असं नाही. एक कणा होईल, दुसरा आधार. मला हे वाईट वाटत नाही. समसमान भागांपेक्षा एक पक्का आणि दुसरा त्याला प्रश्न विचारणारा, ही मांडणी बी.ए.च्या वयाला झेपते. फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग ही दोन कामं आता अभ्यासक्रमातच आहेत. मनापासून केली तर दोन विषयांची गाठ तिथेच बसते. नुसती फाइल भरून दिली तर काहीच बसत नाही.

मेजर कुठला, हे कॉलेज बघितल्याशिवाय ठरवू नकोस. प्रवेशाच्या आधी स्वतः जा, वडिलांना घेऊन जा. दोन्ही विभागांत पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, विचार. तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे कितीतरी सहकारी जीव ओतून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते वर्षाच्या मध्यावर नेमले जातात, आणि तोवर मायनरचे तास रिकामे जातात, हे मी दरवर्षी बघते. ग्रंथालयात जाऊन त्या दोन विषयांचं कपाट उघडायला सांग. नुसती गाइडं दिसली तर समज. मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रोजेक्ट दाखवा म्हण. ज्या विभागाचे प्रोजेक्ट तुला वाचावेसे वाटतील, तो मेजर कर. तुझ्या कॉलेजात समाजशास्त्राचा विभाग नावापुरता असेल, तर राज्यशास्त्र मेजर घेऊन मायनर दुसरा चांगला शिकवला जाणारा विषय, इतिहास किंवा अर्थशास्त्र, घेतलेला परवडला. समाजशास्त्र एम.ए.ला करता येईल, मी केलंच.

स्पर्धा परीक्षांचं सरळ सांगते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय एकच असतो, दोन पेपर, २५० अधिक २५०, एकूण १७५० पैकी. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून याच वळणाची, वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे दोन विषयांचा दुहेरी फायदा वैकल्पिकमध्ये मिळत नाही, तिथे एकच निवडावा लागेल. फायदा सामान्य अध्ययनात मिळतो: पहिल्या पेपरात भारतीय समाज आहे, दुसऱ्यात राज्यघटना आणि शासनव्यवहार. तीन वर्षं दोन्ही नीट वाचलेल्या मुलीला तिथे नव्याने सुरुवात करावी लागत नाही. पण फक्त या परीक्षेसाठी म्हणून हे विषय घेणार असशील तर थोडं थांब. माझे बरेच विद्यार्थी पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पाच-सहा वर्षं काढून परत आले आहेत. ज्यांनी बी.ए. मन लावून केलं होतं त्यांच्या हातात परत आल्यावरही काहीतरी होतं. ज्यांनी बी.ए. म्हणजे परीक्षेची प्रतीक्षायादी समजली, त्यांच्या हातात नव्हतं. हे सांगताना मला त्रास होतो, कारण ती माझी मुलं आहेत.

प्राध्यापकीचं गणित वेगळं. तिथे दार एम.ए.च्या विषयाचं असतं. नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा राज्यशास्त्राची वेगळी, समाजशास्त्राची वेगळी, आणि एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के लागतात. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि बी.एड. बी.ए.ला दोन विषय असले म्हणून दोन्ही दारं आपोआप उघडत नाहीत. पण एम.ए. कशात करायचं हे तू तीन वर्षं दोन्ही बघून ठरवशील. बारावीच्या सुट्टीत ठरवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. जागा फार थोड्या आहेत, भरती रखडते, हेही वडिलांपासून लपवू नकोस.

या दोहोंच्या मधे जी कामं आहेत त्यांची नावं आपल्या घरांतून कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. निवडणुकीच्या आधी आणि नंतर मतदारांच्या घरी जाऊन प्रश्न विचारणारी सर्वेक्षणं असतात. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा 'लोकनीती' हा उपक्रम त्यातला सगळ्यात परिचित, आणि त्याच्या कामात पुणे विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर यांचा मोठा वाटा राहिला. काय विचारायचं हे राज्यशास्त्र सांगतं, कुणाला आणि कसं विचारायचं हे समाजशास्त्र. माझी एक विद्यार्थिनी अशा सर्वेक्षणात घरोघर फिरली आणि तिथून पुढे पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थेत गेली. आज ती सहा तालुक्यांचं काम बघते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, तीन वर्षांचा कायदा, पत्रकारिता, ग्रामविकासातली कामं, या सगळ्यांना ही जोडी उपयोगाची आहे. मात्र सोबत एक्सेल शिक, २०११ च्या जनगणनेचे तक्ते वाचायला शिक, आणि इंग्रजी वाचनाचा कंटाळा करू नकोस. नुसत्या गुणपत्रिकेवर यातलं काही मिळत नाही.

वडिलांशी बोलताना त्यांचं चुकलं असं म्हणू नकोस. त्यांची काळजी एकाच विषयात पक्कं व्हावं ही आहे, आणि मेजर ठरवून तू तेच करणार आहेस. मायनर का, हे विचारतील तेव्हा त्यांनाच विचार, की आपल्या गावात गेल्या वेळी अमुक पॅनेल कसं निवडून आलं. ते जे उत्तर देतील त्यात भावकी येईल, पाण्याची पाळी येईल, सोसायटीचं कर्ज येईल, कुणाच्या लग्नात कुणाला मान मिळाला नाही हे येईल. त्यातलं निम्मं राज्यशास्त्राच्या पुस्तकात नाही, हे त्यांना ऐकता ऐकताच कळेल.

आणि पंधरा ऑगस्टच्या सुमाराला तुमच्या गावची ग्रामसभा असेल. नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. मेजर कायम करायच्या आधी एकदा तिथे जाऊन मागे बस. एका पानावर ठराव लिही, दुसऱ्या पानावर कोण कुठे बसलं त्याचा नकाशा काढ. घरी येऊन बघ, कुठलं पान भरताना वेळ कसा गेला ते तुला कळलं नाही.